कोरें पाकीट

टपालानें आलेलें पाकीट फोडावें आणि आंत कांहींच नसावें, असा प्रसंग आयुष्यांत फार थोड्यांवर येतो. वर पत्ता बिनचूक असतो, तिकीट लावलेलें असतें, डिंकही नीट चिकटलेला असतो. पत्र मात्र घाईघाईंत लिहिणाराच्या टेबलावरच राहून गेलेलें असतें. आमच्या वडिलांस त्यांच्या एका स्नेह्यांकडून असें पाकीट आलेलें आम्हांस आठवतें. वडिलांनीं तें दोनदां उलटें करून झाडलें, उजेडाकडे धरून पाहिलें, आणि मग हसत हसत एक कार्ड लिहून टाकलें : "आपलें मौन पावलें." चार दिवसांनीं खरें पत्र आलें. त्या प्रकारांत नुकसान कोणाचेंच झालें नाहीं, कारण पत्र तिकडे टेबलावर शाबूत होतें. गेल्या पावसाळ्यांत आम्हांस स्वतःस चौदा माणसांकडून अशींच कोरीं पाकिटें मिळालीं. पण त्यांतलीं बरींचशीं पत्रें कोठेंच शाबूत उरलीं नव्हतीं. दोष पाठविणारांचा नव्हता, टपालाचाही नव्हता. तो सर्वस्वीं आमचा होता. त्याची हकीकत एकदां लिहून काढावी, असें पुष्कळ दिवस मनांत आहे.

आमच्या गांवच्या सार्वजनिक वाचनालयास शंभर वर्षें पुरीं होत होतीं. त्या निमित्तानें जुन्या वाचकांच्या आठवणींचा एक ग्रंथ काढावा, असें मंडळींनीं ठरविलें. आम्ही नोकरीचीं तीस वर्षें संगणकाच्या सहवासांत काढून नुकतेच घरीं बसलों होतों. तेव्हां "हें काम तुमचेंच" असें सर्वांनीं म्हटलें, आणि आम्हींही फारसे आढेवेढे घेतले नाहींत. गांव सोडून मुंबई-पुण्यास किंवा परदेशीं गेलेल्या वाचकांनीं घरबसल्या आपली आठवण लिहावी आणि एक बटण दाबून ती आमच्याकडे पाठवावी, यासाठीं वाचनालयाच्या संकेतस्थळावर आम्हीं एक फॉर्म ठेविला. त्यांत नांव, गांव आणि फोन यांसाठीं लहान चौकोन होते, आणि शेवटीं आठवणीसाठीं एक मोठी जागा होती.

या मोठ्या जागेपाशींच आमच्या हौसेनें घात केला. तेथें साधा चौकोन ठेवला असता तर पुढचें कांहींच घडलें नसतें. पण साध्या चौकोनांत नुसतीं अक्षरें लिहितां येतात. एखादें नांव ठळक करावें, पुस्तकाचें नांव तिरप्या टाइपांत घालावें, मुद्दे एकाखालीं एक मांडावे, ही सोय त्यांत नसते. शंभर वर्षांच्या संस्थेच्या दारांत असा रोडका चौकोन आम्हांस रुचेना. म्हणून आम्हीं तेथें रिच टेक्स्ट एडिटर म्हणतात तो बसविला. वरच्या बाजूस बटणांची ओळ, खालीं पांढरी शुभ्र पाटी. लिहिणारास जें दिसेल तसेंच छापून यावें, असा त्याचा थाट. मंडळींनीं वाखाणणी केली, आणि आम्ही फुगलों.

येथें थोडें यंत्राविषयीं बोलणें भाग आहे. वाचकांनीं कंटाळूं नये, कारण सारी गोष्ट याच एका खुंटीवर टांगलेली आहे. फॉर्मचें बटण दाबलें म्हणजे ब्राउझर एखाद्या काटेकोर कारकुनाप्रमाणें फॉर्मभर हिंडतो आणि प्रत्येक चौकोनांतील मजकूर गोळा करतो. मात्र त्याच्या वहींत कोणते चौकोन मोजावयाचे, हें ठरलेलें असतें. एका ओळीचा चौकोन, टेक्स्टएरिया नांवाचा अनेक ओळींचा चौकोन, पर्यायांची यादी, खुणेची चौकट, बटण, अशी ती यादी आहे. त्यांतही ज्यास नांव दिलेलें नाहीं तो चौकोन वगळावयाचा, जो बंद करून ठेविला आहे तो वगळावयाचा, ज्या चौकटींत खूण केलेली नाहीं तीही वगळावयाची. नोव्हेंबर 1995 मध्यें एचटीएमएलच्या दुसऱ्या आवृत्तीचा मसुदा प्रसिद्ध झाला, त्यांत या कारकुनाचे मुख्य नियम आलेले होते, आणि थोड्याफार भरीनें तेच आजतागायत चालत आले आहेत.

पुढें 2000 सालीं मायक्रोसॉफ्टनें आपल्या इंटरनेट एक्सप्लोरर 5.5 या ब्राउझरांत एक निराळीच सोय केली. पानावरील कोणत्याही भागास एक शब्द चिकटविला, कीं तो भाग लिहिण्याजोगा व्हावा! तेथें टिचकी मारतांच उभी रेघ लुकलुकूं लागते. लिहितां येतें, खोडतां येतें, ठळक करतां येतें. यथावकाश इतर ब्राउझरांनींही ती युक्ति उचलली, आणि आज दिसणारे बहुतेक श्रीमंती थाटाचे एडिटर तिच्यावरच उभे आहेत. पण फॉर्मचे नियम आधींचे आणि ही लिहिण्याची पाटी मागाहूनची. दोघांची गांठ कोणीं घालून दिली नाहीं. कारकुनाच्या यादींत पाटीचें नांव नाहीं. तो तिच्यावरून जातो, तिच्यावर कोणीं चार पानें लिहिलेलीं असलीं तरी तीं त्याच्या लेखीं भिंतीवरील चित्रासारखीं असतात, आणि तो पुढें निघून जातो. लिहिणाराच्या डोळ्यांस मात्र चौकोन आणि पाटी यांत कांहींच भेद दिसत नाहीं.

म्हणून असा एडिटर बसविणारास एक तजवीज करावी लागते. फॉर्मांत एक खरा चौकोन लपवून ठेवावयाचा, त्यास नांव द्यावयाचें, आणि कारकून फेरीस निघण्यापूर्वीं पाटीवरील मजकूर त्या लपलेल्या चौकोनांत उतरवावयाचा. टायनी-एमसीई आणि सीके-एडिटर यांसारखे प्रसिद्ध एडिटर साध्या चौकोनावर बसविले म्हणजे हें काम आपण होऊन करतात. कांहीं एडिटर तें फॉर्म रचणारावर सोंपवितात. आमचा एडिटर या दुसऱ्या जातीचा होता. आम्हीं लपलेला चौकोन केला, आणि "पाठविण्याची वर्दी मिळतांच मजकूर उतरून घे" असें चार ओळींचें फर्मान लिहून ठेविलें. बटण दाबलें कीं ब्राउझर तशी वर्दी देत असतो.

पहिली चाचणी आम्हीं "आई" हा एकच शब्द लिहून घेतली. यूटीएफ-8 पद्धतींत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात. आणि फॉर्म नेहमींच्या रीतीनें जातांना असा प्रत्येक बाइट शतमानाचें चिन्ह व त्यापुढें दोन अक्षरें, असा लिहिला जातो. म्हणजे दोन अक्षरांची "आई" वाटेनें जातांना 18 चिन्हांची होते, आणि पलीकडे पोंचली कीं पुनः दोन अक्षरांची. तीं 18 चिन्हें ओळीनें गेलेलीं पाहून, इतकीं वर्षें तोच धंदा केलेला असूनही, आम्हांस लहान मुलासारखा आनंद झाला. गुढीपाडव्यास फॉर्म सुरू झाला. ज्येष्ठ लागेपर्यंत 23 आठवणी आल्या, त्या जशाच्या तशा आल्या.

ज्येष्ठांत पुण्याहून एका वृद्ध गृहस्थांचा फोन आला. लिहितां लिहितां त्यांचें बोट चुकून बटणावर पडलें होतें, आणि अर्धें वाक्यच आमच्याकडे रवाना झालें होतें. आम्हांस वाईट वाटलें. वयस्कर मंडळींस असा त्रास होऊं नये, म्हणून आम्हीं त्याच रात्रीं बसून एक सुधारणा केली. बटण दाबतांच एक लहानशी खिडकी उघडावी, तिनें "आठवण पुरी झाली ना? पाठवूं?" असें अदबीनें विचारावें, आणि "होय" म्हटल्यावरच आमच्या फर्मानानें फॉर्म रवाना करावा.

आतां, फॉर्म रवाना होण्याच्या दोन रीति आहेत. माणसानें पाठविण्याचें बटण दाबलें, तर ब्राउझर आधीं चौकोन तपासतो, मग वर्दी देतो, आणि मग कारकुनास फेरीस धाडतो. पण फर्मानानें 'सबमिट' अशी थेट आज्ञा केली, तर आज्ञा करणारानें सारें पाहिलेंच असेल असें समजून तो तपासणीही करीत नाहीं आणि वर्दीही देत नाहीं. कारकून तडक निघतो. आमची स्थिति अशी झाली : दाराची घंटा वाजली कीं पत्र पाकिटांत घालावयाचें, असें आम्हीं घरांतल्या पोरास बजावून ठेविलें होतें, आणि नंतर आम्हींच मागल्या दारानें टपालवाल्याच्या हातीं पाकीट देण्याची सोय करून दिली. घंटा वाजली नाहीं, पोर वाट पाहत राहिलें, आणि पाकीट तसेंच गेलें. खरें पाहतां 'रिक्वेस्ट-सबमिट' अशी दुसरी आज्ञा आहे. तिनें तपासणीही होते आणि वर्दीही मिळते. एका शब्दाचा फरक! तो आम्हांस ठाऊकही होता. त्या रात्रीं सुचला नाहीं, एवढेंच.

सुधारणा करून झाल्यावर आम्हीं ती पाहिली, पण कशी? बटण दाबलें, खिडकी उघडली, "होय" म्हटलें, आणि पुढचें पान आलें : "आपली आठवण पोंचली. वाचनालय आपलें आभारी आहे." हें आभाराचें पान आमचेंच, आम्हींच तें लिहिलें होतें, आणि फॉर्म आला कीं आंत काय आहे तें न पाहतां तें दाखवावें अशी व्यवस्थाही आमचीच. तरीसुद्धां तें वाचून आम्हीं स्वतःचें समाधान करून घेतलें आणि निजावयास गेलों. पलीकडची पेटी उघडून पाहिली नाहीं.

ती उघडली आषाढाच्या शेवटीं, छापखान्याची निकड लागली तेव्हां. 23 आठवणी भरलेल्या होत्या; त्यांखालीं 14 नांवें, 14 गांवें, 14 फोन, आणि आठवणीच्या जागीं कांहीं नाहीं. येथें एक गोष्ट कबूल केली पाहिजे. त्या संध्याकाळच्या सभेंत आम्हीं म्हटलें, "लोकांस आपलें नांव छापून यावयास हवें, लिहावयास मात्र नको." सभा हसली. आम्हीही हसलों. रात्रीं सहज तारखा पाहूं लागलों, तों चौदाही तारखा खिडकी बसविल्यानंतरच्या! मग निजण्याची सोय राहिली नाहीं.

सर्व्हरावर शोधण्यांत अर्थ नव्हता, कारण मजकूर तेथवर गेलाच नव्हता. तो ज्याच्या त्याच्या पडद्यावर होता, आणि आभाराचें पान उघडलें त्या क्षणीं पडद्यावरूनही पुसला गेला होता. दुसऱ्या दिवसापासून आम्हीं एकेकास फोन लावण्यास आरंभ केला. पांच जणांनीं दुसरीकडे लिहून मग येथें चिकटविलें होतें; त्यांनीं मूळ मजकूर पुनः पाठविला. सहा जणांनीं थोडें कुरकुरून फिरून लिहून दिलें. दोघांनीं "आतां राहूं द्या" म्हणून सांगितलें, आणि त्यांस आग्रह करावयास आम्हांस तोंड नव्हतें. चौदाव्या होत्या आमच्या शाळासोबत्याच्या आई. आम्ही त्यांस लहानपणापासून काकू म्हणतों. वय एक्याऐंशीं. नातवानें दिलेल्या टॅबवर एका बोटानें, चार दुपारीं बसून त्यांनीं आठवण लिहिली होती. हें काम फोनवर उरकण्याजोगें नव्हतें. आम्ही घरीं गेलों.

"पोचली नाही म्हणजे काय?" काकू म्हणाल्या. "मला समोर दिसत होती की रे! एकेक अक्षर दिसत होतं."

"दिसत होती, काकू, पण निघाली नाही."

"मग 'पोचली, आभारी आहे' असं कोणी लिहिलं?"

याचें उत्तर "आम्हीं" एवढेंच होतें, आणि तें आम्हांस देतां आलें नाहीं. काकूंनीं चहा केला. कांहीं वेळानें आपण होऊनच त्या म्हणाल्या, "आईला वाचता येत नव्हतं. मी वाचनालयातून पुस्तक आणायची आणि तिला वाचून दाखवायची. त्याचंच लिहिलं होतं." आम्हीं बरोबर वही नेली होती. "तुम्ही सांगा, मी लिहून घेतो," असें म्हणून ती उघडली. काकूंनीं वहीकडे पाहिलें. "सांगण्यासारखं एवढंच आहे. बाकीचं लिहिताना सुचत गेलं होतं. आता तू विचारतोयस म्हणून नाही यायचं ते." आणि किंचित् हसून म्हणाल्या, "पण तुमच्या त्या कागदानं आभार मात्र मानले हो!"

आठ दिवसांनीं त्यांनीं नातवाच्या हातीं सहा ओळी पाठविल्या. वाचनालयाची जुनी इमारत, तिचा लांकडी जिना, पुस्तकें देणाऱ्या गृहस्थांचा करडा स्वभाव; सारें व्यवस्थित होतें. आईचा उल्लेख नव्हता. पहिल्या चाचणीस आम्हीं जीं 18 चिन्हें इतक्या कौतुकानें जातांना पाहिलीं होतीं, तीं या घरांतून निघालींच नाहींत, हें त्या सहा ओळी वाचतांना आमच्या ध्यानांत आलें.

आमच्या एका मित्राच्या फॉर्मांत याच्या उलट प्रकार घडला होता. त्यानें लपलेला चौकोन "भरलाच पाहिजे" अशी अट घातली होती. बटण दाबलें कीं ब्राउझरास तो चौकोन रिकामा आढळे. लिहिणाराचें लक्ष तिकडे वेधावें, तर चौकोन लपलेला! मग फॉर्म जाईना आणि कां जात नाहीं हेंही कळेना. लोकांनीं मित्रास पुष्कळ बोल लाविले. त्या वेळीं आम्हीही त्याची थट्टा केली होती. आज वाटतें, त्याची चूक आमच्यापेक्षां शतपट बरी. त्याच्याकडे पाकीट निघालें नाहीं, पण पत्र टेबलावर राहिलें. आमच्याकडे पाकीट निघालें, पोंचही मिळाली, आणि पत्र तेवढें गेलें.

पूर्वीं रजिस्टर टपालाची पोंच सहीनिशीं परत येई, तेव्हां ती पाकिटाची पोंच आहे, मजकुराची नव्हे, हें पाठविणारास ठाऊक असे. आमच्या आभाराच्या पानानें तो भेद पुसून टाकला होता. मजकूर हरवला हा एक अपघात झाला. पण न पाहतां "पोंचली" म्हणणें हा अपघात नव्हे. ज्यानें चार दुपारी घालविल्या, त्यास तो शब्द खरा वाटणारच. तो उच्चारण्यापूर्वीं आंत पाहणें, एवढें तरी घेणाराचें कर्तव्य आहे.

आतां फॉर्म दुरुस्त केला आहे. पाटीवर एखादें अक्षर उमटलें कीं तें त्याच क्षणीं लपलेल्या चौकोनांत उतरतें. शेवटच्या वर्दीची वाट पाहत नाहीं. त्याची एक प्रत लिहिणाराच्याच यंत्रावर राहते. खिडकींतून "होय" म्हटल्यावर योग्य ती आज्ञा होते. मजकूर कोरा आल्यास सर्व्हर तो नाकारतो आणि तसें सांगतो. ब्राउझर करणारांसही या दरीची जाणीव झाली आहे : 2019 सालीं क्रोममध्यें आणि पुढें इतरत्र अशी सोय आली, कीं कारकून फेरीस निघतांना कोणासही आपला मजकूर त्याच्या वहींत टाकतां यावा, किंवा नव्या घडणीच्या चौकोनास त्याच्या यादींत रीतसर जागा मिळावी. पण या सर्वांपेक्षां आम्हांस महत्त्वाची वाटते ती एक साधी गोष्ट. आभाराच्या पानावर आतां आभारांच्या आधीं "आम्हांस मिळालेला मजकूर असा आहे" असें लिहून, पलीकडच्या पेटींतून काढलेला मजकूर दाखविला जातो. पाठविणारानें तो वाचावा आणि मगच पान मिटावें. वाचकांसही आमची विनंती आहे, कीं अशा कोणत्याही ठिकाणीं मनांतलें कांहीं लिहावयाचें झाल्यास तें आधीं आपल्यापाशीं उतरून ठेवावें. समोर दिसतें म्हणून तें जाईलच, असें नाहीं.

ग्रंथ दिवाळीपूर्वीं निघाला. काकूंच्या सहा ओळी त्यांत आहेत. प्रत घेऊन आम्ही गेलों तेव्हां त्यांनीं त्या चष्मा लावून वाचल्या आणि "छान छापलंय" असें म्हटलें. निघतांना दारापर्यंत येऊन त्यांनीं विचारलें, "तो फॉर्म आहे का रे अजून, की काढून टाकलात?" ग्रंथाचें काम संपलें होतें; फॉर्म बंदच करावयाचा होता. आम्हीं सांगितलें, "आहे, काकू. राहणार आहे."

त्यानंतर पंधरा दिवसांनीं एका दुपारीं पेटींत एक नवा कागद आला. नांव काकूंचें, गांव हेंच, आणि आठवणीच्या जागीं तीन शब्द : "पोचतं का पाहते." तो जसाच्या तसा आला होता, आणि तिकडे काकूंच्या पडद्यावर जसाच्या तसा परतही गेला असला पाहिजे. पुढें अद्याप कांहीं आलेलें नाहीं. आम्ही फॉर्म काढलेला नाहीं. रोज सकाळीं चहाच्या आधीं पेटी उघडून पाहतों.